देवीला दिलेला चार्ज

आमच्या समोरच्या फ्लॅटमधली शीतल रोज सकाळी देवीला चार्ज देऊन कामावर जाते. उदबत्ती नाही, फूल नाही. पाठीला सॅक, तोंडात पोळीचा घास, आणि फ्रिजवरच्या कुलदेवीच्या तसबिरीपुढे ताठ उभी राहून रिपोर्ट: "आई, शंभूला सर्दी हाय, दुपारी औषध. परीला डबा दिलाय, पण ती भेंडी खाणार न्हाई, तेवढं बघ. वरणाला फोडणी मी आल्यावर. बाकी लाइन चालू."

मग थोडी थांबते, जाड आवाज काढून स्वतःच म्हणते, "घेतला!" आणि धाडधाड जिना उतरते.

ती चाकणला निघोज्याजवळच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडते. तिथला नियम असा, की कामाचा चार्ज पुढच्या शिफ्टच्या माणसाला द्यायचा आणि त्यानं "घेतला" म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही. माहेर-सासर दोन्ही लातूरकडं. नवरा ट्रेलरवर, चाकणच्या नव्या गाड्या देशभर पोचवतो आणि स्वतः घरी पोचतो महिन्यातून दोनदा. पोरं खालच्या मजल्यावरच्या बाई सांभाळतात. मी नाही. मी सगळ्या बिल्डिंगला बजावून ठेवलंय, तीन वाढवली, आता रिटायर.

एकदा मी तिला टोकलं, "अगं, देवीला असं काम सांगतात का?"

"आजी, तीबी आईच हाय. तिला कुठं आरत्या ऐकायला सवड असणार?"

तरुणपणी मी देवाला श्वास घ्यायला सवड दिली नव्हती. सोवळं इतकं कडक, की स्तोत्रात खंड पडला तर पुन्हा पहिल्या ओळीपासून. आणि खंड पाडायला तीन कार्टी घरातच. मग मी बोलायची नाही, डोळे वटारून ती ओळ मोठ्यानं म्हणायची. माझा थोरला आता पन्नाशीला आलाय, पण ते स्तोत्र कानावर पडलं की अजून हात मागं घेतो. देव पंचामृतानं न्हाऊन चकचकीत आणि पोरं शेंबडी, असा माझा भक्तिमार्ग!

गेल्या महिन्यात शीतलच्या लाइनवर लीडरची जागा निघाली. सोमवारी साहेबांपुढं काम करून दाखवायचं. सासूबाईंचा फोन आला, "लीडर होऊन काय करतीस? लेकरं बघ." तिनं फोन ठेवला आणि कणीक अशी तिंबली, की मला माझ्या घरात धपाधप ऐकू आलं.

"जाणार मी आजी. लाइन थांबली न्हाई पाहिजे."

सोमवार उजाडला. शंभूला ताप, आणि सांभाळणाऱ्या बाई अचानक गावाला. मी पूजेला बसले होते. दोघींची दारं उघडीच होती. समोर शीतल कंपनीच्या शर्टात, खांद्यावर तापलेलं पोर घेऊन देवीपुढं उभी.

"आई, शंभूला ताप हाय. औषध दिलंय. परी शाळेत गेली. बाई न्हाईत. माझी परीक्षा हाय आज. बाकी..."

पुढं काही आलं नाही. मी स्तोत्र म्हणता म्हणता त्या जाड आवाजाची वाट बघत राहिले. तो आला नाही. ती तसबिरीकडं बघत नुसती उभी. रोज मी या थांबण्याला हसायचे. ती रोज अशीच कुणाची तरी वाट बघत असणार. मग तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढायला हात वर नेला.

"घेतला!" मी ओरडले. एवढ्या जोरात, की शंभू दचकला.

शीतलनं माझ्याकडं बघितलंच नाही. देवीला म्हणाली, "एवढा उशीर लावतात व्हय?" शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, पोर माझ्या हातात दिलं आणि धाडधाड जिना उतरली.

शंभूनं पहिलं काम काय केलं, तर नाक माझ्या सोवळ्याच्या पदराला पुसलं. स्तोत्र कुठल्या ओळीवर तुटलं होतं, ते मी आठवलंही नाही.

संध्याकाळी ती दारात आली. मी ताठ उभी राहिले. गुडघा कुरकुरला, पण राहिले.

"ताप उतरलाय. खिमट खाल्लं. परीनं भेंडी खाल्ली नाही. बाकी लाइन चालू."

मला वाटलं हसेल. ती शंभूच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"घेतला," ती म्हणाली. जाड आवाज न काढता.