अपुऱ्या वाक्यांचा विभाग

कोणतीही गोष्ट सहा बाजूंनी पाहिल्याशिवाय समजत नाही, आणि सहाही बाजूंनी विद्वान उभे राहिले की मधली गोष्ट दिसत नाही. या भक्कम पायावर आमच्या विद्यापीठाचा अपंगत्व अभ्यास विभाग उभा आहे. मी तिथला लिपिक. सभांचं इतिवृत्त लिहितो.

विभागात सहा विषयांचे सहा प्राध्यापक. (सातव्या खुर्चीवर फायली बसतात.) पहिल्या तीन वर्षांत विभागानं नऊ परिसंवाद घेतले, स्वतःचं नाव चारदा बदललं आणि एकाही अपंग विद्यार्थ्याला प्रवेश दिला नाही. त्यामुळे काम सुरळीत चाललं होतं.

चौथ्या वर्षी एक मुलगी आली. वय सव्वीस, संख्याशास्त्रात पहिली. जन्मापासून तिची जीभ तिच्या डोक्याइतकी भरभर चालत नाही. एका वाक्याला मिनिटभर लागतं. सोबत मावशी असते, कपडे शिवणारी. भाची बोलू लागली की मावशी पिशवीतून काजबटणं काढते आणि वाक्य संपेपर्यंत मान वर करत नाही. ही पद्धत शास्त्रीय नसल्यानं विभागानं तिची नोंद घेतली नाही.

प्रबंधाचा विषय ठरवायला सभा भरली. विभागप्रमुख पडद्याकडे बोट दाखवत मागे मागे सरकत होते. मुलगी म्हणाली, "सर, पा..."

"पाठीचा कणा," वैद्यकवाले म्हणाले.

"पारंपरिक समाजरचना," समाजशास्त्राच्या बाई.

"पात्रतेचे निकष," कायदेवाले.

मानसशास्त्राच्या बाईंनी तिचा हात हातात घेतला. "पाठिंबा हवाय ना, बाळ? हो मोकळी."

"अहो, थांबा की जरा," मावशी म्हणाली. "तिचं होऊ द्या."

"पा... पायात..."

"पायातल्या बेड्या!" साहित्यवाल्यांचे डोळे भरून आले.

विभागप्रमुख पायातल्या वायरीत अडकून पडद्यासकट आडवे झाले. घोटा मोडला. (इतिवृत्तात मी लिहिलं, 'चर्चा जमिनीवर आली.')

सरांना सहा आठवडे प्लास्टर होतं. तेवढ्यात त्यांच्या खोलीपर्यंत उतार बांधून झाला आणि अपंगत्वाच्या स्वानुभवावर त्यांचा दोनशे पानांचा ग्रंथही झाला. प्लास्टर निघालं तसं उतारावर कुंड्या ठेवल्या.

मुलीचा विषय होता, 'सभेत कोणाचं वाक्य कोण पुरं करतं: एक मोजणी'. तो फेटाळला गेला. कारण, 'संशोधक विषयाच्या फार जवळ असल्याने तटस्थता संभवत नाही.' पत्र मीच टाइप केलं. तिनं ते दारात उभं राहून तीनदा वाचलं. तिचे कान लाल झाले होते. मी टेबलाचा खण उघडून त्यात काहीतरी शोधू लागलो.

तिनं फेरविचाराचा अर्ज केला. त्या सभेला ती सगळ्यांच्या मागून आत आली आणि दाराला कडी घातली.

"बसा," ती म्हणाली. हा शब्द तिला चटकन येतो.

कायदेवाल्यांनी तोंड उघडलं. मावशीनं कात्री टेबलावर ठेवली. फक्त ठेवली. तोंड मिटलं.

मग ती बोलली. अठ्ठावीस मिनिटं, एकटी. मधेच समाजशास्त्राच्या बाईंनी चष्मा काढला, विभागप्रमुखांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि तिसऱ्यांदा पाहायचं विसरले. शेवटी कोणालाही काही सुचेना, म्हणून विषय मंजूर झाला.

तिचा शब्द न् शब्द मी लिहून घेतलाय. इथे देणारही होतो. पण तुम्हाला घाई असते, आणि तिला काय म्हणायचं होतं ते तुमच्या केव्हाच लक्षात आलंय. म्हणून गाळलं.