वहिनी डावीकडं ओढतायत

साल २०२३. मला बहात्तरावं लागलं होतं, आणि माझ्या ट्रकला येरवड्याचा वसंता मिस्त्री 'वहिनी' म्हणत होता.

माझ्याच नव्हे, गॅरेजात येईल त्या प्रत्येक ट्रकला. माणसांशी तुसडा, ट्रकशी अदबीचा. "वहिनी, जरा अंग सैल सोडा," म्हणत चाकाखाली शिरायचा. मालकानं तोंड उघडलं की खालून आवाज यायचा, "दादा, आपल्याला कुणी विचारलं? दुखतंय त्यांना. सांगतील त्या."

माझी शाळा चौथीत सुटली, पण वारज्यात वावरं होती तेव्हापासून मी गाडी हाकतोय. मला गप्प करणारा दुसरा माणूस पुण्यात नाही. तरी मी अख्खं शहर ओलांडून ह्याच्याकडंच जायचो. वाटेत ढीगभर गॅरेजं लागतात, हे मलाही दिसतं. सांगायला नको.

त्याची आणखी एक खोड. एका खेपेला एकच काम. ब्रेक दाखवताना म्हटलं, "स्टिअरिंगबी बघ, लई प्ले आलाय, अर्धं फिरवल्याबिगर चाक हलत नाय," की हा म्हणणार, "ब्रेकला आलात, ब्रेक घेऊन जा. स्टिअरिंगसाठी पुन्हा या. दोन दुखणी एकदम काढली की गाडी वाट विसरते." आता गाडी कशी वाट विसरेल? पण वाद घालायची सोय नव्हती.

त्या वर्षी गाडीच्या आरटीओ पासिंगची तारीख जवळ आली. आमचा पोरगा दिलीप म्हणाला, "तात्या, या खेपेला नापास झाली की थेट भंगारात. मग रुसायचं नाही." गाडीची दोन दुखणी. ब्रेक दाबला की डावीकडं ओढायची, आणि स्टिअरिंग ढिलं. गाडीच गेली तर मी दिवसभर घरात बसून करणार काय? मांडवाचे बांबू वाहण्यात जन्म गेला माझा.

वसंताला म्हटलं, "डाव्या चाकात घोटाळा हाय. डावं उघड."

त्यानं उजवं उघडलं.

"आरं, डावं!"

"दादा, डावं पकडतंय म्हणून ओढतंय. बिचारं एकटं राबतंय. जे गप्प बसलंय त्याला नको का बघायला?"

उजव्या चाकाच्या ड्रममध्ये सगळं तेलच तेल. ब्रेकचा सिलिंडर गळत होता, लायनर भिजून लोण्यासारखा झालेला.

मी म्हटलं, "माझंबी हेच म्हणणं होतं."

गाडी तिथंच ठेवली आणि स्वारगेटला बस बदलून घरी आलो. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. मला कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवतो. समोर व्याही चहा पीत बसलेले.

"दादा, वहिनींना उघडून ठेवलंय. उजव्या बाजूनं पार गेल्यात. चिरंजीवांचा फोन होता, म्हणाले खर्च करू नका, भंगारात द्या."

व्याह्यांची बशी ओठापाशी थांबली. तेवढ्यात माझी बायको हौसा पोहे घेऊन आली. व्याही एकदा तिच्याकडं बघतायत, एकदा फोनकडं.

"या तर इथं आहेत," व्याही म्हणाले. "मग तिकडं कोण?"

"असंल येरवड्यातली दुसरी. मला कुठं सांगत्यात हे?" हौसा म्हणाली. बाई सगळं जाणून. मग फोनात तोंड घालून म्हणते कशी, "भावजी, त्या सवतीला धडधाकट करून धाडा बरं. ती हाय म्हणून हे दिवसभर बाहेर असत्यात."

मी पोट धरून हसत होतो. फोनवर मात्र वसंता एकदम गप्प. मग "बरं वहिनी" एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

गाडी आणायला गेलो तर ब्रेक झालेला, आणि किंगपिन बदलून स्टिअरिंगसुद्धा झालेलं. दोन्ही एकदम!

"आरं, तुझा नियम?"

"पासिंग आहे ना," तो हात पुसत म्हणाला. "बोटभर फिरवलं की वळतात आता. वर्षभर यायचं काम नाही." एवढं बोलून दुसऱ्या ट्रकखाली गेला. मला चहासुद्धा विचारला नाही.

शेजारचा पंक्चरवाला हळूच म्हणाला, "मिस्त्रीला ना बायको, ना भाऊ. परवा कोण भावजी म्हणालं त्यांना? येईल त्याला सांगत सुटलेत."

गाडी पास झाली. दिलीपचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. भर रस्त्यात करकचून ब्रेक दाबून बघितला, गाडी डावीकडं तसूभर सरकली नाही. संध्याकाळी हौसा म्हणाली, "आता भावजींकडं जाणं न्हाई वाटतं?"

"कशाला? समदं नीट हाय."

म्हटलं खरं, पण ते गप्प बसलेलं उजवं चाक काही डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी काढली. हौसानं न सांगता धपाट्यांचा डबा सीटवर ठेवला. येरवड्यात गॅरेजच्या दारात गाडी उभी करून, वसंता ट्रकखालून बाहेर येईपर्यंत हॉर्न वाजवत बसलो.

"आता काय झालं?"

"वहिनींचा हॉर्न वाजत नाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, सीटवरच्या डब्याकडं बघितलं.

"जुनं दुखणं दिसतंय," म्हणाला. "दोन-तीन खेपा तरी लागतील."

मी अजून एकदा हॉर्न वाजवला आणि खाली उतरलो.