पॉइंटापुरती मुंबई

देऊळघाटच्या गोकुळला विमान म्हणजे निंदण करता करता बायकांनी मान वर करून पाहायची वस्तू, एवढंच ठाऊक होतं. बियाण्याच्या कंपनीने त्याला बढती दिली नसती तर ते तेवढंच राहिलं असतं आणि पुढचा सगळा घोळ टळला असता.

उमेदीची सारी वर्षं त्याने मोटारसायकलवर मिरची-वांग्याचं बी विकण्यात घालवली होती. त्याला ओळखत नाही असा एकही कृषी केंद्रवाला जिल्ह्यात नव्हता. मग हैदराबादच्या मुख्य कचेरीला अचानक त्याची किंमत कळली. त्याला विभागीय अधिकारी केलं गेलं आणि दर महिन्याला मीटिंगसाठी विमानाने यायला सांगण्यात आलं. (ही बातमी देऊळघाटात वाऱ्यासारखी पसरली. वारा अर्थात गोकुळनेच घातला होता.)

पहिली खेप अगदी सुखाची झाली. संभाजीनगरहून 'राजहंस' नावाच्या कंपनीचं विमान निघालं, हैदराबादला टेकलं, मीटिंग झाली. बिघडलं ते परतताना. विमानतळावर धम्मरत्न सोबत होता. हा मूळचा वाशिमचा, आता कंपनीच्या कामासाठी आठवड्यातून दोनदा तरी देशभर उडणारा. रांग मारुतीच्या शेपटासारखी वळणं घेत गेली होती. धम्मरत्नने खिशातून एक कार्ड काढलं आणि तो बाजूच्या रिकाम्या वाटेने आत गेला. पुढे लाऊंज नावाच्या दालनातही गेला, आणि पाहुणा म्हणून गोकुळलाही घेऊन गेला.

आत माणूस बुडेल एवढे मऊ सोफे होते. उपमा होता, इडली होती, आणि नाव न कळणारा एक पदार्थ होता, तो गोकुळने दोनदा घेतला. पण त्याचं काळीज घायाळ झालं ते दुसऱ्याच गोष्टीने. दारातल्या मुलीने धम्मरत्नचं कार्ड पाहून मान झुकवली आणि "वेलकम बॅक, सर" म्हटलं. गोकुळने आयुष्यभर एसटीने प्रवास केला होता. तिथे त्याचं स्वागत फक्त "सरका पुढं" या शब्दांत होत आलं होतं.

धम्मरत्नने त्याला सगळं समजावलं. एकाच कंपनीने उडत राहायचं, प्रत्येक फेरीचे पॉइंट जमतात, पॉइंटांचं पुढे कार्ड होतं. आणि शेवटी त्याने एक सल्ला दिला, की जी कंपनी आपल्या जवळच्या विमानतळावरून उडते तीच धर, बाकी कशाच्या नादी लागू नको. गोकुळने कार्डाचं सगळं ऐकलं. सल्ला आला तेव्हा तो धम्मरत्नच्या कार्डाकडे पाहत होता.

घरी आल्यावर तो मोबाइल घेऊन ओसरीवर बसला तो उठेचना. मुलीचं स्थळ पाहतानाही कुणी एवढी चौकशी करत नसेल. राजहंसचं कार्ड पांढरं, दवाखान्यातल्या केसपेपरसारखं, त्यावर कोपऱ्यात एक पक्षी. दुसरी कंपनी 'पवनवेग'. तिचं कार्ड सोनेरी, वाढदिवशी विमानात केक, रांग वेगळी, लाऊंज वेगळा. पवनवेगमध्ये उणं म्हणाल तर एकच होतं. ती संभाजीनगरला येतच नव्हती. ती पकडायला नागपूर गाठावं लागणार होतं, म्हणजे दिवसभर बसमध्ये हाडं मोकळी करून घ्यावी लागणार होती. (या उण्या बाजूवर गोकुळने चहाचा कप संपेपर्यंत विचार केला. कप लहान होता.)

त्याचे वडील शंकरराव बाजेवर बसून हे सगळं ऐकत होते. त्यांना राहवलं नाही.

"विहीर घरामांगं असतांना नदीवर काऊन जाऊन राह्यला बे?"

गोकुळने त्यांना पॉइंटांचं महत्त्व सांगितलं. पॉइंट खाता येतात का, असं शंकररावांनी विचारलं. खाता येत नाहीत, पण त्यांच्यामुळे लाऊंजमध्ये फुकट जेवता येतं, असं गोकुळ म्हणाला.

"म्हंजे नागपूर येईस्तोवर उपाशी जायचं, न् तिथं जेवून घ्यायचं," शंकरराव म्हणाले आणि भिंतीकडे कूस करून आडवे झाले.

झालं. गोकुळ पवनवेगचा झाला. मीटिंगच्या आदल्या दिवशी सकाळी तो बस धरायचा, संध्याकाळी नागपूरला उतरायचा, लॉजवर मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी उडायचा. हैदराबादला पोचेपर्यंत त्याच्या शर्टाचा आणि त्याचा चोळामोळा झालेला असायचा. संभाजीनगरहून आलेली मंडळी तोवर ताजीतवानी होऊन चहा पीत असायची. मीटिंगमध्ये मिरचीच्या नव्या वाणाबद्दल चर्चा रंगली की याचा डोळा लागायचा. साहेबांनी एकदा नाव घेऊन हाक मारली, तर हा दचकून "खामगाव आलं का?" म्हणाला.

पण परतल्यावर मोबाइलवर पॉइंट जमा झाल्याचं अभिनंदन यायचं आणि सगळा शीण जायचा. तो ते वंदनाला मोठ्याने वाचून दाखवायचा. वंदना, म्हणजे त्याची बायको, तुरीच्या शेंगा सोलत "हाव" म्हणायची. गोकुळ आता बोलताना "माझी एअरलाइन" म्हणू लागला होता. आकाशात घरघर झाली की तो अंगणात धावायचा आणि ते विमान आपल्यातलं आहे की राजहंसवाल्यांचं, हे डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून पाहायचा.

मार्च आला आणि गोकुळ रोज पॉइंट मोजू लागला. वर्ष संपलं की पॉइंट बाद होणार होते, आणि सोनेरी कार्डाला अगदी थोडे कमी पडत होते. मार्चची मीटिंग होऊन गेली होती आणि पुढची थेट एप्रिलमध्ये होती. त्याने पुष्कळ डोकं खाजवलं. बायको सोबत उडाली तर तिचेही पॉइंट नवऱ्याच्या खात्यात जमा होतात, हे त्याला पवनवेगच्या नियमांत सापडलं. नागपूरहून मुंबई, मुंबईहून लगेच नागपूर, दोघांनी. काम फत्ते.

जेवताना तो वंदनाला म्हणाला, की आपण दोघं विमानाने मुंबईला जाऊ. तो खोटं बोलला नाही. फक्त अर्धं बोलला.

वंदनाच्या हातातला घास हातातच राहिला. लग्नानंतर नवऱ्याने तिला शेगाव दाखवलं होतं आणि लोणारचं सरोवर, तेही त्याच्या मामेभावाचं लग्न तिथे होतं म्हणून. तिची धाकटी बहीण पुष्पांजली मुंबईत अंधेरीला राहत होती आणि ये ये म्हणून थकली होती. वंदनाने दुसऱ्या दिवशी ही बातमी साऱ्या आळीला सांगितली. सासूबाईंनी, म्हणजे गोजरबाईंनी, पुष्पांजलीसाठी कुरडया, शेवया आणि आंब्याच्या लोणच्याची बरणी बांधून दिली. गोकुळ सांगत होता, की एवढी मोठी बॅग कशाला, आपल्याला काही लागणार नाही. पुरुषांना सामानातलं काय कळतं, असं म्हणून दोघी सासू-सुना प्रथमच एकमत होऊन हसल्या. तेव्हा तरी त्याने उरलेलं अर्धं सांगायला हवं होतं. पण वंदना ठेवणीतल्या साड्या उन्हात टाकत होती आणि गुणगुणत होती. त्याची जीभ उचललीच नाही.

विमानात ती खिडकीशी बसली आणि सगळा वेळ ढग पाहत राहिली. मधेच तिने त्याचा हात धरला. वीस माणसांदेखत वंदनाने हात धरण्याची ही पहिलीच वेळ. गोकुळला एकदम घाम फुटला.

मुंबईला बॅग हातात आली. वंदना बाहेरच्या दाराकडे चालू लागली आणि गोकुळ जिन्याकडे.

"इकडं कुठं?" तिने विचारलं.

"वरतं. आपलं परतीचं विमान हाय न."

"न् मुंबई?"

"पाह्यली न. उतरतांना समुदर दिसला होता," गोकुळ म्हणाला, आणि आपण काय बोललो हे त्याला ते बोलून झाल्यावर कळलं.

मग त्याने पॉइंटांचं सगळं सांगितलं. सोनेरी कार्ड, मार्चअखेर, वेगळी रांग. वंदना चिडली असती, रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने शांतपणे पर्समधून फोन काढला, बहिणीला लावला आणि आपण विमानतळावर आलो आहोत एवढंच सांगितलं.

"तुमचे पॉइंट तुम्ही घेऊन जा," फोन ठेवून ती म्हणाली. "मी पुष्पीकडं चालली."

दारापर्यंत जाऊन ती वळली. गोकुळला वाटलं, विरघळली. ती परत आली, बॅगेतून भाकरी-ठेच्याचा डबा काढून त्याच्या हातात ठेवला आणि निघून गेली.

परतीच्या विमानात गोकुळच्या शेजारची खिडकी रिकामी होती. त्याने डबा उघडला. ठेचा झणझणीत होता, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचं कुणाला काही वाटलं नाही. नागपूरला उतरताच त्याने मोबाइल पाहिला. न उडालेल्या माणसाचे पॉइंट मिळत नाहीत, असं पवनवेगने नम्रपणे कळवलं होतं. कार्ड पुन्हा हातभर लांब राहिलं होतं.

घरी गोजरबाई त्याच्याशी बोलेनात. आळीतल्या बायका वंदनावहिनी कुठे आहेत असं विचारत आणि उत्तर माहीत असल्यासारख्या पदराआड हसत. तिकडे वंदना मुंबई पाहत होती. तिचे फोटो घरातल्या सगळ्यांना यायचे, गोकुळ सोडून. शेवटी तोच फोन करून गयावया करू लागला, की परत ये, पण ये पवनवेगने. वंदनाने अट घातली. न्यायला तुम्ही या, आणि आल्यासारखं चार दिवस राहा.

तो गेला. चौपाटीवर दोन्ही बहिणींच्या चपला हातात धरून उभा राहिला, बाजारात पिशव्या उचलल्या, साडूच्या घरी पाणी भरलं. चौथ्या दिवशी बायकोला खिडकीची जागा देऊन तिच्यासोबत पवनवेगने परत आला. मार्च संपायच्या आत पॉइंट पुरे झाले आणि टपालाने कार्ड आलं. सोनेरी. शंकररावांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि यावर राशन भेटते का, एवढंच विचारलं.

एप्रिलची मीटिंग महत्त्वाची होती. नव्या वाणाची सगळी माहिती गोकुळनेच मांडायची होती. या खेपेला बस वाटेत बंद पडली, त्यामुळे तो नागपूरला पोचला तो दुसऱ्या दिवशी, थेट विमानतळावर, अंगाचा पार भुगा होऊन. पण वेगळ्या रांगेतून आत गेला. लाऊंजच्या दारातली मुलगी "वेलकम, सर" म्हणाली. त्याने उपमा खाल्ला, इडली खाल्ली आणि सोफ्यात बुडाला.

लाऊंजमध्ये विमान सुटण्याची घोषणा करत नाहीत. मोठ्या माणसांना घड्याळ असतं, अशी तिथे समजूत आहे. गोकुळ जागा झाला तेव्हा पवनवेगचं हैदराबादचं विमान त्याला न घेता केव्हाच गेलं होतं. हैदराबादहून साहेबांचे इतके फोन येऊन गेले होते की त्याने फोन उलटा ठेवला. मग पुन्हा सरळ करून वंदनाला लावला आणि झालेलं सांगितलं.



"बसा मंग तिथंच," वंदना म्हणाली. "खायले भेटते, झोपाले भेटते. तुमाले कुठं जायचं नव्हतंच, तुमाले तं तिथंच पोचायचं होतं."

गोकुळने फोन ठेवला. बायकोचं म्हणणं त्याला पटलं, आणि पटल्यावर जरा बरंही वाटलं. तो आणखी एक प्लेट उपमा घ्यायला उठला. तेवढ्यात दारातली मुलगी आली, मान झुकवली आणि अतिशय गोड आवाजात म्हणाली, "सर, या कार्डावर एवढाच वेळ बसता येतं. जरा सरकता का पुढं?"