गोगलगायी, कर्नल आणि तेरेरेचा जग

सासूबाई परत येईपर्यंत त्यांचा मासा जिवंत ठेवायचा, एवढंच काम नेस्तोरकडे होतं, आणि तेवढ्यानेच त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

नेस्तोर घरजावई. अंगणातल्या खोलीत बसून लोकांचे पंखे दुरुस्त करायचा. पण घराबाहेर न पडता केलेल्या कामाला त्याची सासू सेवेराबाई, गावच्या बोलीत न्या सेवेरा, काम म्हणतच नसे. धाकट्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून ती एन्कार्नासियोनला निघाली. लेक मिर्ता, नेस्तोरची बायको, दिवसभर शाळेत शिकवायला असायची. त्यामुळे नाइलाजाने मासा जावयाच्या गळ्यात पडला. मासा लाल, झुबकेदार शेपटीचा, नाव कर्नल. तो सासऱ्यांनी, वारण्याच्या आदल्या वर्षी, हौसेने आणला होता. सासरे गेल्यापासून न्या सेवेरा रोज सकाळी टाकीपुढे खुर्ची ओढून त्याला गावच्या बातम्या सांगायची, कोण आजारी, कोणाचं लग्न मोडलं, सगळं.

"माझी झाडं तू वाळवलीस," बसमध्ये चढताना ती म्हणाली. "पोपटाचं दार उघडं ठेवलंस. ते मी गिळलं. पण याला काही झालं तर बघ. हा गेला तर मी बोलू कुणाशी?"

मासा उपाशी राहील या धास्तीने नेस्तोर चिमूटभर खाणं टाकायचा. कर्नल काचेला नाक लावून बघायचा, की आणखी एक चिमूट. तेवढ्याने भागतं तर ठीक होतं. पण उन्हाळा भयंकर होता. त्यांच्या गावात, व्हियारिकात, अशा दिवसांत गार पाण्यात ओढ्याकाठची पालेभाजी चुरडून घातल्याशिवाय कुणी तेरेरे, म्हणजे येर्बा या झुडपाच्या पानांचा गार चहा, पीत नाही, अंगातली उष्णता जावी म्हणून. नेस्तोरने विचार केला, माणसाला जे मानवतं ते माशाला का मानवू नये? उरलेल्या जुडीतल्या चार काड्या त्याने टाकीत सोडल्या आणि आपल्या समजूतदारपणावर बेहद्द खूश झाला.

त्या काड्यांना गोगलगायींची अंडी चिकटलेली होती.

आधी काचेवर एक ठिपका दिसला. मग तो ठिपका चालायला लागला. मग त्याचं गणगोत आलं. कर्नलचं उरलेलं खाणं खाऊन त्या अशा माजल्या की काच आतून काळपट दिसायला लागली. मिर्ताने एकदाच डोकावून पाहिलं. "आई यायच्या आत हे निस्तर, नाहीतर मी माहेरी जाते," असं म्हणून ती थांबली, कारण ती माहेरीच होती. "नाहीतर तू जा."

शेजारचे डॉन तेओ म्हणजे निवृत्त न्हावी. सल्ला देण्यातून ते कधीच निवृत्त झाले नव्हते.

"मीठ टाक भरपूर."

"मासा मरेल, डॉन तेओ."

"मग थोडं टाक."

"मग थोडा थोडा मरेल."

शेवटी तो माशांच्या दुकानात गेला. दुकानदारीण कानात काडी घालत म्हणाली, "औषध आहे. त्याने गोगलगायी मरतील, मेल्या की सडतील, सडल्या की पाणी नासेल, मग तू नवा मासा घ्यायला येशील. माझी काही हरकत नाही." मग तिला त्याच्या चेहऱ्याची दया आली. "अरे, खाणं कमी टाक. संध्याकाळी लेट्यूसचं एक पान सोड. सकाळी सगळ्या त्याच्यावर गोळा होतात. पान उचलायचं, फेकायचं. रोज करायचं. माशाला धक्का नाही."

सोपं होतं. पण घरात लेट्यूस नव्हतं. मांदियोका होता. ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो मांदियोका उकडलेला नाही असं घर त्या गावात सापडायचं नाही. भाकरीच्या जागी तोच, भाताच्या जागी तोच. नेस्तोरने एक फोड टाकीत सोडली. सकाळी पाहतो तर फोड दिसेना, नुसत्या गोगलगायी. त्याने त्या अलगद उचलून डॉन तेओंच्या बदकांपुढे टाकल्या. बदकं खूश, नेस्तोर खूश. असे काही दिवस गेले आणि काच खरोखर स्वच्छ दिसायला लागली.

मग एका सकाळी फोड उचलायला गेला आणि ती हातातच विरघळली. टाकीत साबुदाण्याची पेज झाली. कर्नल कुठे आहे तेच दिसेना. चाचपडत, देवाचं नाव घेत नेस्तोरने जाळीने मासा काढला. बादलीत टाकीसाठी आदल्या दिवशीच भरून ठेवलेलं पाणी होतं. हाताशी आला तो ॲल्युमिनियमचा जग. त्यात ते थोडं पाणी ओतलं, कर्नलला सोडलं आणि त्याला परकं वाटू नये म्हणून टाकीतली एक हिरवी डहाळीही आत टाकली. जग आंब्याखालच्या टेबलावर, सावलीत ठेवला. टाकी आणि वाळू घेऊन तो मागच्या नळावर गेला. कर्नल गटांगळ्या खात नव्हता, छान कल्ले हलवत होता, त्यामुळे नेस्तोरचा जीव भांड्यात पडला.

टेबलावर मिर्ताने सकाळीच भरून ठेवलेला शिंगाचा पेला होता, येर्बाच्या चुऱ्याने भरलेला, त्यात धातूची नळी खोचलेली. आणि शेजारी जग, पाण्याने भरलेला, वर हिरवी डहाळी तरंगणारा. त्या गावात आंधळ्यालाही कळलं असतं की तेरेरे तयार आहे.

वाळू धुता धुता नेस्तोरला तो आवाज आला. पेल्यातलं पाणी संपताना नळीतून येतो तो, लांबलचक सुर्र.

तो धावत आला. आंब्याखाली न्या सेवेरा बसली होती, पायाशी बोचकं, कपाळावर घाम. एक दिवस आधीच आली होती. शेजारी डॉन तेओ. जग तिच्या हातात.

"जावईबापू, जिवंत आहात का?" ती म्हणाली. "बहिणीचा डोळा झकास. मी म्हटलं, कशाला थांबा. पाण्यात काय घातलंयस? ओळखू येत नाही."

"शेवाळाची झाक आहे," डॉन तेओ म्हणाले. "पोटाला चांगली."

नेस्तोरला एकच गोष्ट सुचली. तेरेरेच्या एकाच पेल्यात पाणी ओतून तो पाळीपाळीने प्रत्येकाला द्यायचं काम बैठकीतल्या सगळ्यात धाकट्याचं. "आई, तुम्ही दमून आलात. मी ओततो ना," असं म्हणत त्याने जग जवळजवळ हिसकावून घेतला. न्या सेवेराला जावयात अचानक आलेला हा आदर नवीन होता. ती पाठ टेकून बसली.

आता तो ओतायचा ते थेंबथेंब, जगाच्या तोंडाशी बोटं आडवी धरून.

"अरे, तीर्थ देतोयस का?"

"हळूहळू प्यावं, आई. उन्हातून आलात."

पुरे झालं की माणसाने आभाराचा शब्द, 'ग्रासियास', म्हणायचा, की त्याला पुढची पाळी नाही, असा रिवाज. दोघांपैकी एकाच्याही तोंडून तो शब्द निघेना. न्या सेवेरा अख्ख्या प्रवासाची तहान भागवत होती. स्वतःची पाळी आली तेव्हा नेस्तोरने डोळे मिटून ओढलं. प्रत्येक फेरीला जग हलका होत होता, आणि आता तळाशी शेपटी घासल्याचं त्याला बोटांत जाणवत होतं.

"कोमट झालंय," सासूबाई म्हणाल्या. "बर्फ घाल."

"बर्फ नको. तुमचा घसा..."

"घसा माझा आहे. डॉन तेओ, तुमच्याकडे असेल ना?"

डॉन तेओ अशा कामात तत्पर. वाडगाभर बर्फ घेऊन आले आणि एक खडा जगावर धरला. नेस्तोरने दोन्ही तळवे जगावर दाबले. आत काहीतरी धप्पकन आपटलं.

"जगात काय आहे?" न्या सेवेराने विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "कर्नल," नेस्तोर म्हणाला.

डॉन तेओंनी बर्फाचा वाडगा टेबलावर ठेवला. "ग्रासियास," ते म्हणाले, आणि घरी गेले.

न्या सेवेरा उठली. तिने जग दोन्ही हातांनी घेतला आणि आत पाहिलं. तळाच्या बोटभर पाण्यात कर्नल होता. तिला पाहून तो वर आला. नेस्तोरने तोपर्यंत पालेभाजीपासून मांदियोकापर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं, बदकांसकट.

ती बादलीपाशी गेली, कर्नलला पाण्यात सोडलं आणि तो गोल फिरेपर्यंत वाकून बघत राहिली. मग धुतलेल्या टाकीची काच तिने बोटाने पुसून पाहिली.

"एकही उरली नाही?"

"एकही नाही, आई," नेस्तोर म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या आवाजात जरा ऐट आली.

न्या सेवेराचा चेहरा उतरला. ती परत आंब्याखाली आली, बोचकं सोडलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली मुरंब्याची बाटली काढली. आत दोन टपोऱ्या, पिवळ्याधमक गोगलगायी होत्या.

"बहिणीच्या टाकीतल्या," ती म्हणाली. "वाटभर मांडीवर धरून आणल्या."

नेस्तोर बाटलीकडे बघतच राहिला. "कर्नलला सोबत?"

"कर्नलला मी आहे." तिने त्याच्याकडे न बघता बाटलीचं झाकण फिरवलं. "मिर्ता दिवसभर शाळेत. तू त्या खोलीत पंख्यांशी बोलत बसतोस, मला ऐकू येतं. म्हणून तुझ्यासाठी आणल्या. पण तुला नको असतील तर राहू दे. बदकं आहेतच."

नेस्तोरने बाटली तिच्या हातातून घेतली आणि छातीशी धरली.