बाबांचे अक्षांश-रेखांश

सकाळी आईने बाबांची जुनी दुर्बीण भंगारवाल्याला देऊन टाकली आणि बाबा "या घरात माझी कुणाला गरजच नाही!" असं म्हणून तरातरा बाहेर पडले. दुपारचे दोन वाजले तरी पत्ता नाही. फोन लावावा तर उचलत नव्हते, पण पक्ष्यांचे फोटो मात्र दर तासाला इमानेइतबारे टाकत होते.

"हे आल्याशिवाय मी जेवणार नाही," आईने जाहीर केलं. तिचे डोळे भरून आले होते. रागाच्या भरात केलेल्या गोष्टीचा तिला केव्हाच पश्चात्ताप झाला होता.

"रडतेस काय! मी आहे ना," चिरंजीव म्हणाले. चिरंजीव सॉफ्टवेअर कंपनीत होते, त्यामुळे साध्या उपायांवर त्यांचा विश्वास नव्हता. "बाबांच्या पोस्टमध्ये ठिकाण साठवलेलं असतं. पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहितो, तो अक्षांश-रेखांश काढून देईल."

प्रोग्राम चालला. नकाशावर लाल टिंब उमटलं ते थेट त्यांच्याच घरावर.

"छे! काहीतरी चुकलंय," चिरंजीव म्हणाले. "अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली असणार." त्यांनी आकडे उलटे केले. टिंब भर समुद्रात जाऊन पडलं.

"अगं बाई! यांना पोहायला कुठे येतं?"

"आई, थांब गं जरा! एका पोस्टवर विसंबायचंच नसतं. वर्षभरातल्या सगळ्या पोस्टची सरासरी काढतो. माणूस शेवटी सवयीच्या जागीच जातो."

बाबा कधी पूर्वेच्या तळ्यावर जात, कधी पश्चिमेच्या बागेत. सरासरी आली बरोबर मधोमध, एका सिमेंटच्या गोदामावर. मायलेक रिक्षा करून तिथे पोचले.

"इथे पक्ष्यांचे फोटो काढणारे एक गृहस्थ आले होते का हो?" आईने विचारलं.

"इथे?" पहारेकऱ्याने डोक्यावरची सिमेंटची धूळ झटकली. "बाई, इथे कावळासुद्धा थांबत नाही."

दोघं हात हलवत परत आले. रिक्षातून उतरतात न उतरतात तोच चिरंजीवांच्या फोनवर बाबांची नवी पोस्ट आली. या खेपेला फोटोत पक्षी नव्हता. रिक्षातून उतरणारी दोन माणसं होती, वरून टिपलेली. खाली लिहिलं होतं, "आमची मंडळी. कुठे गेली होती कोण जाणे!"

दोघांनी एकदमच माना वर केल्या. गच्चीच्या कठड्यावरून बाबा खाली बघत होते.

आईचे गुडघे गेली दोन वर्षं कुरकुरत होते, पण ती तीन जिने न थांबता चढली.

"अहो, दिवसभर इथेच होतात?"

"मग! सकाळपासून प्रत्येक फोटोला आठवणीने ठिकाण लावलं. म्हटलं, कुणीतरी बघेल, वर येईल." बाबा आईकडे वळले. "तू जेवलीस?"

"तुमच्याशिवाय?" आई म्हणाली आणि मग तिने धापा टाकत आलेल्या चिरंजीवांकडे मोर्चा वळवला. "काय रे, तुझा प्रोग्राम पहिल्यांदा काय म्हणाला होता?"

"घरीच आहेत म्हणाला होता."

"मग?"

"मला खरं वाटलं नाही."

"प्रोग्राम चांगला लिहितोस रे," बाबा चिरंजीवांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "फक्त त्याचं ऐकत जा." आणि आईला हाताचा आधार देत ते जिना उतरू लागले.