रशीदमामूंचा बिनलग्नाचा मांडव

रशीदमामूंना रिकामा रस्ता बघवत नाही. निलंग्याच्या वाटेवरच्या आमच्या गावात लग्नाचे मांडव घालायचे, हा त्यांचा धंदा. पण लग्नसराई संपली की त्यांचे हात शिवशिवतात. मग बांबू, पडदे, झालरी घेऊन ते भररस्त्यात काहीतरी उभं करतात आणि अख्ख्या गावाला भांडायला लावतात. त्यांच्या भाषेत, "बोलतं करतो."

गेल्या वर्षी एसटी स्टँडासमोरच्या खड्ड्यात त्यांनी नवरदेवाची लाल खुर्ची मांडली. नियम एकच: "बसला त्यो बोलला पायजे!" तेवढ्यात एक पुढारी तिकडून निघाले. खुर्ची, माईक, जमलेली माणसं बघून त्यांना वाटलं, आपलाच सत्कार. गाडीतून उतरले, बसले, हारासाठी मान पुढं केली. मामूंनी माईक हातात दिला.

"बोला सायेब, ह्यो खड्डा कवा बुजवनार?"

साहेबांचं भाषण जन्मात पहिल्यांदा दोन वाक्यांत आटोपलं. खड्डा मात्र आठ दिवसांत बुजला.

यंदा मामूंनी आठवडी बाजारात मांडव घातला. वर पाटी: 'बाजारात बायांसाठी संडास पायजे का नको? आत येऊन सांगा.' पण पाटी वाचतो कोण? आमच्या माणसाला मांडव दिसला की भूक लागते. बघता बघता चपला काढून लोकांनी दोन पंगती धरल्या. एक आजोबा तर पत्रावळीपुरती जागा पुसून वाट बघत बसले. मीही बसलो होतो, खोटं कशाला सांगू?

"जेवन न्हाई, गुरुजी," मामू माझ्या कानाशी लागले. "पर आता उठू नका. पंगतीतून मधीच उठत नसतेत."

आणि त्यांनी पंगतीत माईक सोडला. पुरुष चिडले. "ह्ये काय चारचौघांत बोलायचं हाय?" एकजण म्हणाला. तशी कांदे विकणाऱ्या पार्वतीबाईंनी माईक ओढून घेतला.

"सकाळपून दिवस बुडंस्तोर हितं बसताव आम्ही. जावं कुठं, तूच सांग की!"

मग बायका थांबेचनात. पुरुष माना खाली घालून ऐकत राहिले. पंगत मोडायची सोय नव्हती. शेवटी बाजाराला आलेल्या सरपंचबाईंनी तिथल्या तिथं जागा दाखवली आणि महिन्यात काम सुरू करते म्हणाल्या.

संध्याकाळी मांडव सोडताना मी मामूंची थट्टा केली. "मामू, बायांच्या संडासाचं खूळ तुमच्या डोक्यात कुठून आलं?"

मामू हसतील असं वाटलं होतं. ते दोरी गुंडाळत राहिले.

"आमच्या घरची लई साल ह्याच बाजारात बांगड्या भरायला बसायची. दिवसभर पानी प्यायची न्हाई. मला वाटायचं, तिला तहानच कमी हाय."

मामूंच्या घरची किडनीच्या दुखण्यानं गेली, हे मला ठाऊक होतं.

"पानी का पीत न्हाई, ह्ये दवाखान्यात डाक्टरनं इचारलं तवा तिनं सांगितलं," मामू म्हणाले. "मी कवा इचारलंच न्हवतं, गुरुजी."