बाबीकाकांचा स्लॅब गळत नाही

आमच्या शेजारच्या बाबीकाकांसमोर 'गळतं' हा शब्द काढायची सोय नाही. छतातला थेंब तुमच्या चहाच्या कपात पडला, तरी काका वर न बघता म्हणणार, "घाम येता रे तेका. येवढो पावस अंगार घेता, घाम येवचो नाय?"

वाडीतला पहिला स्लॅब काकांचा. आम्ही सगळे कौलांखाली होतो तेव्हा बोटीवरच्या खलाशाच्या कमाईतून या माणसाने गच्ची बांधली. पुढे सगळ्यांचे स्लॅब झाले, सगळ्यांचे गळले आणि सगळ्यांनी वर लोखंडी खांब उभारून पत्रे चढवले. मीही चढवले, चांगले निळे. काका बघायला आले आणि म्हणाले, "टोपी टकल्यान घालूची. माझो स्लॅब टकलो नाय."

काका गच्चीला 'डेक' म्हणतात. मे महिन्यात लुंगी वर खोचून डेकवर चढतात. मासेमारीचं फाटकं जाळं सिमेंटच्या पातळ काल्यात बुडवून भेगेवर थापायचं, वर डांबर फासायचं आणि त्यावर गावात मिळेल तो जुना फ्लेक्स. एकदा कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तोंड वर करून अंथरला. "पयल्यांदाच लोकांसाठी भिजता बिचारो!" त्या पुढाऱ्याखाली पाणी जायचा पाइप मात्र दडपला गेला. गच्चीवर घोटाभर तळं झालं, बेडूक ओरडायला लागले. मी धावत वर गेलो, तर काका कमरेवर हात ठेवून उभे. "बघ! गळत असतो तर पाणी साचला असता?"

मी वाकून पुढाऱ्याला पाइपावरून बाजूला ओढलं.

डागडुजी झाली की खाली येऊन आतल्या खोलीच्या दारात उभे राहायचे. "काकीसायब, रिपोर्ट?" काकींना अर्धांगवायू झाल्यापासून त्या अंथरुणावर असतात, छताकडे बघत. त्या अगदी बारीक आवाजात म्हणायच्या, "सुकां आसा." तेवढ्यावर काका चार दिवस छाती काढून फिरायचे. घाम यायचा तो पडवीला आणि स्वयंपाकघराला. काकींच्या खोलीवर जाळ्याचे थरावर थर.

यंदा मुंबईहून त्यांच्या मुलाचा, संदेशचा फोन आला. "दादा, बाबांका तूच समजाव. कुडाळचो पत्रेवालो धाडतंय. आई आजारी आणि घरात ओल, माका झोप लागणा नाय."

पत्रेवाल्याचा टेम्पो आला आणि पाठोपाठ पाऊस. टेम्पो रस्त्यावर थांबला आणि मी पडवीत बसून काकांना शहाणपण शिकवायला लागलो. हट्ट किती करायचा, मुलाच्या जिवाला घोर, वगैरे. मी रंगात आलो होतो, तेवढ्यात काकांनी हात वर केला.

"गप."

मी कान टवकारले. नुसता पाऊस. काका उठून आत गेले आणि थोड्या वेळाने रिकामा पेला घेऊन आले. "पाणी होया होता तिका."

"काकींनी हाक मारली? मला नाही ऐकू आली."

"तुझ्या पत्र्यार पावस पडता तेव्हा तुमी घरात कशे बोलतास?"

"ओरडून," मी म्हटलं.

"तिका वरडाक जमणा नाय रे." काका पेल्याकडे बघत होते. "हाक जेमतेम ओठार येता. माझो स्लॅब पावसात गप रवता, म्हणान ती माका आयकाक येता. पत्रो घातलंय तर ती हाक मारीत रवतली, आणि मी हय बसान रवतलंय."

खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. सगळी वाडी ज्याला चक्रम म्हणून हसते तो माणूस माझा शेजारी आहे, याचा मला असा अभिमान वाटला की उठून त्यांच्या पाया पडावं. पाया पडलो असतो तर 'डेकवर चल, डांबर ढवळ' म्हणाले असते, म्हणून बसून राहिलो.

मग छत्री घेऊन टेम्पोवाल्याला परत पाठवलं आणि संदेशला फोन करून सगळं सांगितलं. तो नाक ओढत हळूच म्हणाला, "दादा, पण पडवी गळता मा रे अजून?"

"गळणा नाय रे," मी म्हटलं, "घाम येता तेका."